दत्तूकाकांच्या फोनवरची कमेंट

प्रिय आबा,

चहावाल्या ताईबाई आपल्या कन्हेरीच्याच, त्यांच्या पिशवीतून हे पत्र पाठवतेय. माझा फोन कालपासून मॅनेजरांकडं आहे. सोबत गुडघ्याचं तेल आहे, ते रोज लावा, नुसतं उशाला ठेवू नका.

पोरगी बारामतीत कॉम्प्युटरवर आहे, असं तुम्ही गावभर सांगता. काम काय ते आज सांगते. मोहनराव निवडणुकीला उभे राहणार, म्हणून त्यांच्या फोटोंखाली लोक काय लिहितात ते मशीन वाचतं. कौतुकाला हिरवा रंग, नाराजीला लाल, बाकीला करडा. संध्याकाळी गावागावाचा आकडा निघतो, माळेगाव किती खूश, कन्हेरी किती नाराज. मशीनला आपली बोली उमगत नाही, तिथं मी रंग द्यायचा. फिरती खुर्ची, गार हवा, मला लई मोठं झाल्यासारखं वाटायचं.

महिन्यापासून लालवाल्यांची नावं गावासकट दुसऱ्या यादीत जातात. ती कुणाकडं जाते, विचारायची सोय नाही. लोणी देवकरच्या एका वेल्डरचं नाव सोमवारी गेलं. बुधवारी त्यानं हात जोडून माफीचा व्हिडिओ टाकला, ओठ फुटलेला होता. आमच्याकडं त्याला लगेच हिरवा धरला. 

मग आपल्या दत्तूकाकांच्या नावावर कमेंट आली, ‘मोहनरावांनी काय काम केलं ते आमच्या म्हशीला इचारा, तीबी मान फिरवती.’ अहो आबा, दत्तूकाकांकडं म्हैस कुठाय? साधी शेळी नाही! पारावर बसून तुम्ही बोलायचं अन् त्यांनी आपल्या फोनवरून टाकायचं, हे मला ठाऊक नाही होय? मी एकटीच हसले, मग तो वेल्डर आठवला. गुपचूप करडा रंग दिला. पुढं तुमच्या आणखी पाच आल्या, त्याही करड्या केल्या. म्हटलं, कोण बघतंय!

काल तपासणीत सापडलं. कन्हेरीच्याच सहा कशा चुकल्या, दत्तोबा तुमचे कोण, असं मॅनेजरांनी आवाज न चढवता विचारलं. समोर यादी होती, त्यात काकांचं नाव अन् शेजारी वार लिहिलेला, शुक्रवार. मी सांगून टाकलं, फोन तेवढा त्यांचा, बोलणारे माझे वडील. काकांना वाचवायला म्हणून सांगितलं, असं लिहायचं होतं मला. पण खोटं कशाला बोलू, मी घाबरले अन् तुमचं नाव तोंडातून गेलं. त्यांनी काकांचं नाव खोडलं नाही, आबा. त्याखाली तुमचं लिहिलं. आज गुरुवार आहे. मी निघाले तर त्यांना कळेल, म्हणून इथंच बसलेय. आईला अन् काकांना घेऊन आत्ताच्या आत्ता मावशीकडं निघा, आपल्या म्हशीचं कुणी तरी बघेल.

मला माफ करू नका, पण निघा.

तुमचीच,
तेजश्री