शांती म्हणून टांगलेली चौकट

ऊद मेथा, दुबई
शुक्रवार, २ नोव्हेंबर २००१

चि. सौ. अनूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. दिवाळी तोंडावर आली तरी इथे एसी बंद करवत नाही. तू पाठवलेली चकलीची भाजणी मिळाली. निम्मी राजननेच थालीपिठं लावायला लावून संपवली, त्यामुळे यंदा चकल्या मोजक्याच. आभा बारावीत आहे, म्हणजे आमच्याशी बोलायला तिला वेळ नाही.

तू हसशील, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा अक्षरं काढायला शिकते आहे. वरच्या मजल्यावर एक जपानी बाई राहतात. दर मंगळवारी सकाळी आम्ही पाच-सहाजणी त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून शाई आणि ब्रशने जपानी अक्षरं काढतो. त्यांना सेन्सेई म्हणायचं, म्हणजे गुरुजी. पहिल्या दिवशी माझी रेघ बारीक आली, म्हणून सवयीने मी तिच्यावरून पुन्हा ब्रश फिरवला. आपण पाटीवर गिरवूनच तर शिकलो. सेन्सेईंनी चटकन माझं मनगट धरलं. एकदा ओढलेली रेघ परत गिरवायची नाही, असा त्यांच्यात दंडकच आहे. बिघडली तर नवा कागद घ्यायचा. चार महिन्यांत मी घरभर रद्दी केली, पण अनू, मजा काय येते म्हणून सांगू. मंगळवारी मी लग्नाला जायचं असल्यासारखी पहाटेच आवरून बसते.

सप्टेंबरात सेन्सेई म्हणाल्या, प्रत्येकीने आपल्या मनातला एक शब्द निवडा. कुणी चंद्र घेतला, कुणी आई. आमच्यात एक चिनी बाई आहे, इथल्या देरा भागात तिचं दुकान आहे. ही चिन्हं मुळात आमची, असं ती दर मंगळवारी एकदा तरी ऐकवतेच. तिने हळहळीचा शब्द घेतला, जे राहून गेलं त्याच्या हळहळीचा. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तिला गावी जाता आलं नव्हतं. मी सेन्सेईंना विचारलं, आणि जे आपणच केलं, त्याच्यासाठी काय शब्द आहे?

त्यांनी दोन अक्षरं काढून दाखवली. पहिलं ‘नंतर’चं, आपल्या पश्चात्तापातल्या ‘पश्चात्’सारखंच. दुसऱ्याच्या डाव्या अंगाला मन आणि उजवीकडे ‘प्रत्येक’. मी हाच शब्द का मागितला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दीड महिना तेवढंच काढत राहिले. शेवटचा कागद बघून त्या म्हणाल्या, हा जपून ठेव.

राजनला तो इतका आवडला की त्याने करामाच्या बाजारातून सोनेरी चौकट करून आणली. अर्थ विचारला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, शांती. झालं, शांती जेवणाच्या टेबलासमोर टांगली गेली.

गेल्या शुक्रवारी राजनने त्याच्या जपानी साहेबांना जेवायला बोलावलं. मसालेभात, अळूची भाजी, श्रीखंड, सगळा थाट. साहेबांना नेमकं त्या चौकटीसमोर बसवून राजनने ऐटीत सांगितलं, हे माझ्या मिसेसने काढलंय, आम्ही रोज याच्यासमोर बसून जेवतो. साहेबांनी चौकटीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि चमचा हळूच खाली ठेवला. मग अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं, या घरात जेवून याआधी कुणाला पश्चात्ताप झालाय का? अर्थ कळल्यावर राजनचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग जो हशा पिकला, साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि श्रीखंड त्यांनी तीनदा मागून घेतलं. आता राजन रोज पानावर बसताना त्या चौकटीला नमस्कार करतो.

हसली नाही ती आभा. "आई, यू सेड इट वॉज पीस," ती म्हणाली. "रिग्रेट फॉर व्हॉट?"

मी पापड आणते म्हणून आत गेले आणि आतच राहिले. तिला उत्तर द्यायचंच आहे, पण ते ऐकायचा पहिला हक्क तुझा.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये तू आत्याकडे सांगलीला गेली होतीस. मुंबईच्या चित्रकला महाविद्यालयाचं पत्र आलं, ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं. आईने दम्याने अंथरूण धरलेलं, आणि माझ्या लग्नाची तारीख निघालेली. तू मुंबईला गेलीस तर आईपाशी कोण राहणार? बाबा माझं लग्न पुढे ढकलतील या भीतीने मी ते पत्र शालूच्या घडीत लपवलं. प्रवेश घ्यायची मुदत आठ दिवसांची होती. ती मी जाऊ दिली.

तू परत येऊन महिनाभर पोस्टमनची वाट पाहिलीस. मग एक दिवस रंगांची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकलीस. "माझा हातच बरा नाही, ताई," म्हणालीस. मी समोर उभी होते. मी म्हटलं, "बँकेच्या परीक्षेला बस."

बावीस वर्षं तू ते खरं मानून बसलीस, आणि मी इथे ब्रश धरून आनंदात आहे. हा आनंद आधी तुझा होता. तुझ्या दारातल्या गेल्या दिवाळीच्या रांगोळीचा फोटो सेन्सेईंना दाखवला, तर त्यांनी विचारलं, ही कुठे शिकली?

पत्राने माफी मागून मोकळं व्हायचं नाहीये मला. डिसेंबरात मी एकटी येते आहे. दोन चांगले ब्रश आणि शाई घेतली आहे तुझ्यासाठी. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर सामान उंबऱ्यापाशी ठेवून परत फिरेन, आणि तू ते वापरलंस असं कुणाकडून कळलं तरी इथे नाचेन.

या पाकिटात आणखी एक पाकीट आहे, तुझ्या माहेरच्या नावाचं. ते मी तेव्हाच फोडून वाचलं होतं, पण फाडून टाकायचं धाडस कधी झालं नाही. आता तू वाच. पहिल्याच यादीत तिसरं नाव तुझं आहे, अनू.

तू म्हणशील तर तुझी ताई,
हेमा