एक डोळा झाकून

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी साडेदहा

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. सहा फुटी माणसाला अजून टिल्लू म्हणते याचा राग आला, तर तो आधीच्या रागात मिसळून टाक. तू, वहिनी आणि छोटी ठीक असाल. आई बरी आहे. थंडीत मनगट दुखतं, एवढंच. बाकी इकडे सगळं ठीक, माझे डोळे सोडून.

तीन आठवड्यांपासून मी कडक लेन्स लावते आहे. सगळे लावतात त्या मऊ नव्हेत. या लेन्स शर्टाच्या बटणाहून लहान असतात आणि डोळ्यात गेल्या की परातीएवढ्या वाटतात. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडं थोडं वाढवत आठ तासांवर जायचं. "पापणीला सवय होते हो," असं लेन्सवाल्या बाई म्हणाल्या. पापणीला कुणी विचारलंय? पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीत मी अशी काही रडले की बाहेर वाट बघत बसलेला माणूस उठून निघून गेला.

आईचं मत तुझ्या लक्षात आलंच असेल. "डोळ्यात काच गेली तर लोक काढायला धावतात. ही पैसे देऊन घालून घेते!" दिवसातून तीनदा.

खाली बघितलं की लेन्सची कड कमी टोचते, म्हणून आपोआप हनुवटी वर जाते आणि पापण्या अर्ध्या मिटतात. त्या अवस्थेत मी ऑफिसात वावरते. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बढती मिळाली वाटतं. आम्हाला नाकाच्या शेंड्यावरून बघतेस हल्ली." मंगळवारी तर कळसच झाला. मी डोळा मिचकावला आणि उजवी लेन्स उडाली. "कुणी हलू नका!" असं मी इतक्या जोरात ओरडले की साहेब एक पाय उचलून तसेच उभे राहिले. चार जण गुडघ्यांवर, दोघांच्या हातात मोबाइलची बॅटरी. वीस मिनिटांनी ती माझ्याच स्वेटरच्या बाहीवर सापडली. साहेबांनी अगदी नम्रपणे विचारलं, "आता पाय टेकू का?"

काढायची तऱ्हा आणखी वेगळी. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ओढायचा आणि पापणी मिटायची, की लेन्स टपकन हातात पडते म्हणे. माझी पडत नाही. ती सरकून पांढऱ्या भागात जाऊन बसते आणि मी आरशासमोर स्वतःचा डोळा शोधत राहते. धुळीचा एक कण आत गेला तर भर रस्त्यात खांबाला धरून उभं राहावं लागतं. डायरीत गेल्या तीन आठवड्यांत दुसरं काहीच नाही. वाचून स्वतःचाच कंटाळा आला.

चष्म्यानं काय बिघडलं होतं, असं तू विचारशील. माझं काम तुला माहीत आहे. दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असतील तरच शिक्का मारायचा. दिवाणखान्यातलं घड्याळ वाचताना चुकले असते तर कुणाला कळलं नसतं, पण मी एका काट्याच्या सहाव्या रेघेला सातवी म्हटलं आणि शिक्का मारला. शेजारच्या टेबलावरचीनं पकडलं. वर्षभरात तीन चष्मे बदलून झाले होते. शेवटी डॉक्टरांनी कसल्याशा यंत्रावर डोळे तपासले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे आलाय, शंकूसारखा. चष्मा त्यावर चालत नाही. मऊ लेन्स त्याच वेड्यावाकड्या आकारावर बसते. कडक लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही, म्हणून ती.

त्यांनी दोन प्रश्न विचारले. डोळे चोळायची सवय आहे का? आणि घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, भाऊ, बहीण?

पहिल्याला मी हो म्हटलं. दुसऱ्याला "नाही" म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

टिल्लू, हे पत्र लेन्सबद्दल लिहायला घेतलं नव्हतं. हे चौथं आहे. पहिली तीनही लेन्सपाशीच संपली.

तीन वर्षांपूर्वी तू आईला गाडीतून माझ्याकडे आणत होतास आणि आमच्या फाटकासमोरच्या दिव्याच्या एकुलत्या खांबावर गाडी घातलीस. आईचं मनगट मोडलं. संध्याकाळची वेळ होती, पुरता अंधारही नव्हता. तू म्हणालास, "मला दोन खांब दिसले, ताई. मी मधून घातली." खालच्या मजल्यावरचे काका हसले. म्हणाले, "दोन दिसायला लागले की घरी बसावं, राजा." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, खरं सांगा, प्यायले होते का?" मी म्हटलं, "वास तर येत होता."

पुढचं तुला माहीत आहे. वहिनी छोटीला घेऊन चार महिने माहेरी राहिली. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. आईनं सांगितलं, तू एवढंच म्हणालास, "ताई म्हणते तर म्हणू दे." तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस.

गेल्या गुरुवारी धूळ गेली म्हणून मी फाटकाशी लेन्स काढून हातात धरली आणि वर बघितलं. दोन खांब होते. एक डोळा हातानं झाकला, तरी दोनच. मधली जागा गाडी सहज जाईल एवढी होती.

वर येऊन मी त्या दिवसाची डायरी काढली. त्या संध्याकाळी मी लिहिलंय: "टिल्लूच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. मग असा कसा चालवतो? बेफिकीर." म्हणजे मला माहीत होतं. विसरले नव्हते, गैरसमज नव्हता. आईचं ओरडणं कानात होतं आणि बेफिकीर हा गुन्हा मला पुरेना, म्हणून तुझ्यावर मोठा लादला. दिवसभर लोकांची खोटी वजनं पकडते मी.

शुक्रवारी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, भाऊ आहे, लहानपणापासून मुठींनी डोळे चोळतो, फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग इथे माझ्याशी काय बोलताय?"

म्हणून लिहिते. लवकर कळलं तर हे आहे तिथे थांबवता येतं, असं ते म्हणाले. माझ्यापेक्षा तू सहा वर्षांनी लहान आहेस. पत्र मिळेल त्याच दिवशी अंधार पडला की एक डोळा झाकून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघ. मग दुसरा झाकून. दोन्ही वेळा एकच दिवा दिसला तरी एकदा तपासून घे. जास्त दिसले, किंवा दिव्याला शेपूट फुटलं, तर किल्ली त्याच क्षणी वहिनीकडे दे. तुझं घर गाडीवर चालतं हे मला कळतं, तरी सांगते, दे.

वहिनीला काल वेगळं पत्र टाकलंय. डायरीतलं ते पान फाडून सोबत जोडलंय.

मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी अकराची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. पत्ता मागे लिहिलाय. मी येऊ नये असं वाटत असेल तर वहिनीकरवी कळव, मी येणार नाही. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. जा मात्र.

तुझ्याबद्दल खोटं बोललेली,
ताई