यांचं हृदय माझ्या ताब्यात

३ जानेवारी १९९१, अल-खोबर, सौदी अरेबिया
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच जातात. फुकट का घालवा? रोजनिशी लिहायचं ठरवलं.
काल यांच्या छातीत दुखलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर अनुराधा धावत आल्या. साताऱ्याच्या, हॉस्पिटलात हार्टच्या वॉर्डात असतात. म्हणाल्या, शौकतभाई, टेस्ट होईपर्यंत तूप, मीठ, मटन कमी करा आणि रोज चाला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, भाभी, तुम्हीही एकदा दाखवा, जिना चढताना फार धाप लागते तुम्हाला. म्हटलं, मला काय धाड भरलीय? पेशंटकडे बघा.
ठराव : आजपासून यांचं हृदय माझ्या ताब्यात.

५ जानेवारी
यांना दुधी. उकडलेला, बिनमिठाचा. म्हणाले, तुरुंगात याहून बरं मिळत असेल. म्हटलं, तुरुंगात वाढायला बायको नसते. म्हणाले, तेच म्हणतोय.
लढाईच्या भीतीनं तुपाचे डबे आणि फ्रीजरभर मटन भरून ठेवलंय. आता यांना चालत नाही. फेकणं म्हणजे गुनाह. कुराणात उधळ्या माणसाला सैतानाचा भाऊ म्हटलंय. तेव्हा मीच संपवते. मनाविरुद्ध.

९ जानेवारी
बकऱ्याच्या पायांचा रस्सा संपवला. यांच्यासमोर बसूनच. सांगितलं, नफ्सची, मनाच्या हावेची, परीक्षा झाली पाहिजे. हे एकटक माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांनीही! लाजून विचारलं, काय बघता? म्हणाले, जुबेदा, हनुवटीवरून तूप ओघळतंय.
तरी नजर होती ती होतीच.

१२ जानेवारी
यांना समुद्रकाठी कॉर्निशवर चालायला लावलं. मी गाडीत बसून काच खाली करून ओरडत होते, हात हलवा, हात! येणारेजाणारे हसले. सादिया मागच्या सीटखाली लपली. अम्मी, प्लीज स्टॉप, म्हणे. इंडियन स्कूलची फी भरून हेच शिकली. आणलेले समोसे यांना चालत नाहीत. गार होऊ नयेत म्हणून संपवले.

१८ जानेवारी
लढाई सुरू झाली. भोंगा वाजला. विषारी गॅसच्या भीतीनं खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत तिघं मास्क चढवून बसलो. माझा जबडा दुखला, मास्कच्या पट्ट्यानं. डावा हात दुखला, टेप चिकटवून चिकटवून. घाम फुटला. सादियाला हीटर बंद करायला सांगितलं. म्हणाली, तो चालूच नाहीये.
एक फायदा लक्षात आला. मास्कमध्ये खाता येत नाही. भोंगा थांबल्यावरही यांना तो काढू दिला नाही. आतून हे बरंच काही बोलत होते. काही ऐकू आलं नाही. किती शांत वाटलं! अल्लाह योग्य वेळी अक्कल देतो.

२६ जानेवारी
मी जिन्यात मधेच बसले होते, डॉक्टर अनुराधा भेटल्या. भाभी, हात का चोळताय? म्हटलं, गॅस, ओवा खाल्लाय. म्हणाल्या, बायकांचं हार्ट कधीकधी असंच गॅसचं सोंग घेऊन येतं. तिथल्या तिथे उद्याची अपॉइंटमेंट लिहून दिली. शिकलेल्यांना जिथे तिथे आजार दिसतो. मी मॅट्रिक, पण स्वतःचं पोट ओळखते.
अपॉइंटमेंट वाया जाऊ नये म्हणून यांना पाठवणार.

२ फेब्रुवारी
यांच्या सगळ्या टेस्ट झाल्या. हृदय ठणठणीत! आधीही ठीकच होतं, ती ॲसिडिटी होती, असं डॉक्टर म्हणाल्या. दुसऱ्याला श्रेय द्यायला लोकांच्या जिवावर येतं. मी शुक्राण्याच्या, आभाराच्या, नफल नमाजा पढले. सजद्यातून उठताना भिंत धरावी लागली. आनंदानं चक्कर येते, ती अशी.
हे म्हणाले, आज तरी वडे-मटन? म्हटलं, पथ्य एकदम सोडायचं नसतं. केलं मात्र. शेवटचं मटन होतं, संपवलं.

७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
ॲटॅक आला. मला.
नेमका भोंगा वाजत होता. मी छाती धरून खाली बसले, तर यांना वाटलं, घाबरली. माझ्या तोंडावर मास्क चढवला आणि पट्टा चांगला आवळला. मी आतून ओरडत होते. म्हणे काही ऐकू आलं नाही. सादियानं डॉक्टर अनुराधांना बोलावलं. त्यांनी मास्क ओढून काढला, जिभेखाली गोळी ठेवली, म्हणून वाचले.
तूप, मीठ, मटन बंद. समोर दुधी आलाय.
बिऱ्हाडात बायको नाही म्हणून शेजाऱ्यांनी यांच्यासाठी डबा दिलाय. वडे-मटन. नळीसकट. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हटलं, बाहेर जाऊन खा. म्हणाले, जुबेदा, नफ्सची परीक्षा झाली पाहिजे. म्हटलं, एवढं सगळं कशाला खाता, उरवा. म्हणाले, फेकणं म्हणजे गुनाह. संपवतो. मनाविरुद्ध.
रस्सा हनुवटीवरून ओघळत होता. मी एकटक बघत राहिले.
हे लाजले.