एक रिंग उरली

६ मे, सोमवार
यंदा पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर फर्गसच्या डायव्हिंगच्या दुकानात द्यायचा नाही. ठरलं. दरवर्षी तो सर्व्हिसिंग करतो आणि बदललेले जुने भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत देतो, जणू पराक्रमाचा पुरावा. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. टाकीच्या तोंडावर बसणारी ती फर्स्ट स्टेज, पितळेचा गोळा. टाकीतल्या हवेचा प्रचंड दाब उतरवायचा, एवढंच तिचं काम. आत एक पिस्टन, एक स्प्रिंग, काही रबरी रिंगा. सुटे भाग मागवले. हंगामातली पहिली डुबकी शनिवारी, १८ ला. भरपूर वेळ आहे.

८ मे
मर्नाला सांगितलं. म्हणाली, टोस्टर आठव. टोस्टरचा इथे काय संबंध? मग म्हणाली, हवं ते कर, पण पाण्याखाली गेल्यावर मी तुझ्या जादा नळीतून तीन श्वास घेते, तेवढं ध्यानात ठेव.
चोवीस वर्षांचा आमचा रिवाज. एकदा ऐंशी फुटांवर तिची हवा संपली होती, तेव्हापासूनचा. बायकोचा श्वास ही माझी जबाबदारी. म्हणून तर परक्याच्या हाती द्यायचा नाही.

११ मे, सकाळी १०
उघडला. रिंगा काढायला पितळी आकडी लागते म्हणे. नव्हती. मर्नाची क्रोशाची सुई घेतली. निसटली. पिस्टनच्या कडेला बारीक चरा. भिंगातून पाहिला म्हणून दिसला. यापुढे भिंग वापरायचं नाही.

दुपारी ४
जोडला. एक रिंग उरली. कंपनी जादा देत असणार.

१२ मे
दाबाचा काटा १४० वर थांबायला हवा. १५०, १६५, १८०. थांबायचं नाव नाही. मग नळीतून आपोआप हवा फुसफुसू लागली. मर्नाने भांडी विसळता विसळता विचारलं, चहाचं आधण ठेवलंयस का. दाबमापक जुना झालाय, असं सांगितलं. (मार्चमध्ये घेतलाय.)

१४ मे
पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. १८५. रिंग याही वेळी एकच उरली. म्हणजे कामात सातत्य आहे.

१५ मे
उद्या ओवेन साउंडच्या डायव्हिंग क्लबात माझं भाषण: 'घरच्या घरी रेग्युलेटर'. तारीख महिन्यापूर्वीच दिली होती, विषय गेल्या आठवड्यात कळवला. मर्नाने दोनदा विचारलं, किती वाजता परत येशील. रेग्युलेटर बरोबर नेणार नाहीस ना, हेही विचारलं. काळजी करते बिचारी.

१६ मे
अकरा श्रोते. 'स्वतःच्या श्वासाचे मालक व्हा' या वाक्याला टाळ्या. एकाने विचारलं, काटा चढतच राहिला तर? म्हटलं, घाई करू नये, धातूला वेळ द्यावा.

१७ मे
१४०! दहा मिनिटं पाहत बसलो, जागचा हलला नाही. धातूला वेळ हवा होता, मी म्हणालोच होतो. मर्ना म्हणाली, कमाल आहे हं तुझी.

१८ मे
पाणी चार अंश. बुडालेल्या जहाजाच्या सुकाणूपाशी मर्नाने माझी जादा नळी तोंडात घातली. तीन श्वास. मग चौथाही घेतला, माझ्याकडे बघत. मास्कमध्ये डोळे भरून आले. वर आल्यावर होडीवर सगळ्यांना सविस्तर सांगितलं. फर्गसही होता. त्याने बूट फार लक्ष देऊन बांधले.

१९ मे
मर्नाच्या गाडीच्या खणात चष्मा शोधत होतो. प्लास्टिकची पिशवी सापडली. आत माझा पिस्टन, चऱ्यासकट, आणि मीच बसवलेल्या रिंगा. चिठ्ठी फर्गसच्या अक्षरात, तारीख १६ मे, गिऱ्हाईक मर्ना: 'पिस्टन नवा घातला. एक रिंग बसवलेलीच नव्हती. जुने भाग परत.'
पिशवी होती तिथे ठेवली. चष्मा कपाळावरच होता.

संध्याकाळी ६
जेवताना मर्नाने बटाटे वाढत विचारलं, आता माझाही रेग्युलेटर तूच उघडतोस का?
म्हटलं, नको, फर्गसकडे दे. त्याचंही दुकान चाललं पाहिजे.
म्हणाली, मन मोठं आहे तुझं.
मी आणखी एक बटाटा घेतला.