पांढऱ्या कोटावरचा लाल ठिपका आणि माझे दुकान

मी, खाली सही करणारी, व्यवसाय शिवणकाम, वय वर्षे अडुसष्ट, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि पाठीमागे उभे राहून हे कोणी माझ्याकडून लिहवून घेत नाही. मुलगा उभा होता, त्याला चहा करायला पाठवले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी घाबरून लिहिले होते.

पहिले कलम. तळमजल्यावरचे दुकान, कापायचे टेबल, दोन्ही मशिने आणि मोठी कात्री माझ्या सुनेला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलगा रुसेल.

समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा आपला नवा पांढरा कोट न्यायला आल्या. बटणापाशी रक्ताचा ठिपका होता. मला वाटले, आता ही बाई दुकान डोक्यावर घेणार. पण त्यांनी एवढेच विचारले, "मावशी, दोरा दाताने तोडता का?"

"कात्री शोधत कोण बसणार?"

"आ करा बघू."

गिऱ्हाइकांसमोर मी आ केला. हिरड्या सुजून लाल झालेल्या, दात हलणारे, आणि मी उष्णता समजून गप्प बसलेली! बाईंनी हिरड्या साफ करायला घेतल्या आणि रक्तही तपासायला लावले. म्हणाल्या, "हिरड्यांची सूज आणि रक्तातली चरबी पुष्कळदा जोडीने सापडतात." सापडली, तीही भरघोस.

मुलाचे तोंड उतरले. "आई, बस्स झालं. दुकान विकू, तू आराम कर." ते पहिले मृत्युपत्र त्याच आठवड्यातले, त्यात सगळे विकायला सांगितले होते. सून मात्र गळ्यातला टेप न काढता म्हणाली, "आराम करून कुणाची चरबी उतरलीय? आई, चपला घाला."

रोज सकाळी ती मला पुलापर्यंत चालवत नेई. तळण तिने स्वतःच्याही ताटातून काढले. आरशासमोर उभे करून हिरड्यांवरून ब्रश हलक्या हाताने कसा फिरवायचा ते दाखवले. गोळी चुकली की चारचौघांत ओरडायची. मला राग यायचा, आणि रागात मी भरभर चालायचे.

एक दाढ गेली, बाकीची मंडळी जागेवर बसली. चरबी खाली आल्याचा कागद मिळाला त्या दिवशी मी अख्खे सफरचंद कचाकचा चावून खाल्ले आणि भर रस्त्यात सुनेला मिठी मारली. ती लाजली. मी नाही.

दुसरे कलम. बँकेतली शिल्लक मुलाला. दुकान विकायला निघाला होता तो मायेपोटीच.

तिसरे. दाढ गेल्यावर धाकटे दीर हसले होते, "आता वहिनींच्या जिभेला कुंपण उरलं नाही." त्यांना एक कोरा ब्रश आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता. त्यांच्याशेजारी नाक धरून बसावे लागते.

इथवर मोठ्याने वाचून दाखवले तर सून रडायलाच लागली. "मला दुकान नको आई, तुम्ही हव्या."

"अगं, आत्ता दोन्ही आहेत ना!" म्हटले खरे, पण मग वाटले, हिने माझ्या मरणाची वाट का बघावी?

सबब पहिल्या कलमात दुरुस्ती: दुकान आजपासूनच तिचे. बक्षीसपत्राचे कागद सोमवारी करू. मी तिथे नोकरीला राहीन. पगार मालकीणबाईंनी ठरवावा.

सही: शिवणकामवाली
साक्षीदार: दातांच्या डॉक्टरीणबाई, शेजारचे इस्त्रीवाले दादा
स्थळ: सुनेचे दुकान
दिनांक: आजचा, शनिवार