दोन भांडखोरांपैकी एक

चिरंजीव बाळ्यास (वय त्रेसष्ट झालं म्हणून बाळ्याचा बाळासाहेब होत नाही) ताईचे आशीर्वाद, जरा हात राखूनच. तुझा गुडघा कसा आहे? माझा रक्तदाब तुझ्या कृपेने उत्तम चढला आहे.

निवृत्तीनंतर तू संगणकाच्या त्या स्क्रिप्टिंग भाषेसाठी डेटा ठेवायची साधनं लिहिलीस, रांग काय, चळत काय, संच काय, त्याचं मला कौतुकच आहे. (तुझं दप्तर मी भरत असे, हे मी कुणाला सांगत नाही.) संच नाव क्षणात शोधतो आणि एकच नाव दोनदा ठेवत नाही, असं तू छाती फुगवून सांगितलंस, म्हणून आमच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्याची यादी मी त्यात भरली. मुलींची आडनावं लग्नात बदललेली (एकीची दोनदा), तेव्हा हजेरीच्या क्रमाने टोपणनावं लिहिली आणि पुढे फोन नंबर. एकोणतीस जणी घातल्या, निघाल्या पंचवीस! वर्गात तीन जाड्या होत्या, दोन ढापण्या आणि दोन भांडखोर. तुझ्या संचाने नंबराकडे ढुंकूनही न बघता प्रत्येकीतली पहिली ठेवली आणि बाकीच्यांना परस्पर नारळ दिला. बोलावणं गेलं ते आता काडी झालेल्या जाडीला. उरलेल्या दोघींनी मला फोनवर सोलून काढलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर एका बोथट पेन्सिलीवर हजेरी घेत, पण मुलगी कधी हरवली नाही.

कळस पुढेच. दुसरी भांडखोर म्हणजे मी. हॉल मी ठरवला, खुर्च्या मी मोजल्या, आणि बोलावणं गेलं पहिल्या भांडखोरला, जिच्याशी वर्गप्रमुखपदावरून मी पन्नासहून जास्त वर्षं बोललेले नाही! तिला यादीत घातलं ते केवळ शिस्त म्हणून. पाठवण्याआधी खोडणारच होते. दोष सर्वस्वी तुझा. नाव आणि नंबर दोन्ही बघायला त्या संचाला शिकव आणि राहिलेल्या चौघींना रविवारच्या आत बोलावणं पाठव.

तुझी,
ताई

ता. क. आत्ताच तिचा फोन आला. म्हणाली, “शेवटी तूच आधी बोलावलंस ना, बये? केवढी वाट बघायला लावलीस!” यंत्राची चूक आहे असं मी सांगणारच होते, पण तोंडातून निघालं, “रविवारी वेळेवर ये.”

ता. क. २. चौघींना नको, तिघींनाच पाठव. मला ती घ्यायला येणार आहे. आणि रविवारी मेळाव्यात तू जुने फोटो दाखवायला येशील, तेव्हा त्या संचाबद्दल तिच्यापुढे चकार शब्द काढायचा नाही. तिला मी बोलावलंय. मीच.