हं म्हणजे हो

सोमवार, ३ फेब्रुवारी
अर्ज भरला. चिन्ह कात्री. जेंट्स टेलरला आणखी काय हवं? वॉर्डातला निम्मा पुरुषवर्ग माझ्या टेपखालून गेलाय. माप घेताना एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, मास्तर, मत तुम्हालाच. म्हणजे वॉर्ड खिशात. बायकांना वेगळं विचारायची गरज नाही, घरात ठरतं तिथेच त्या मत देतात. वडिलांच्या वेळेपासून हेच चालत आलंय.

जाहीरनाम्यात मुद्दा एकच: बाजाराच्या तोंडाशी भव्य कमान. बायको दुकानात मागे बसून काजं करत होती. तिला प्लॅन ऐकवला. दातात दोरा होता. 'हं' म्हणाली. घरचा पाठिंबा पक्का.

गुरुवार, ६
विरोधात नर्सबाई. चिन्ह बादली! हसू आवरेना. मुद्दा काय, तर बाजारात बायकांसाठी संडास. शी! चारचौघांत बोलायची गोष्ट आहे का ही? इतकी वर्षं कुणाचं काय अडलं? माझी बायको दिवसभर दुकानात असते, कधी तक्रार नाही. दुपारी तेवढी काम टाकून घरी पळते, ती एक वाईट खोड. पाणी म्हणाल तर दुकानात घोटभरही पीत नाही. मुळात प्रकृतीच काटक.

रविवार, ९
मुलीचं पहिलंच मतदान. तोंडावर म्हणाली, बाबा, मी बादलीला देणार. कॉलेजचं वारं, दुसरं काय! आमच्या आईची अशी टाप नव्हती. वडील सांगतील तिथे निमूट शिक्का.

बायकोला बजावलं, पोरीला समजाव, गल्लीतल्या बायकांनाही कात्रीच सांग. 'हं.' संध्याकाळी मागच्या दारी चार शेजारणी तिच्याशी कुजबुजत होत्या. मी गेलो तर सगळ्या गप्प. प्रचार जोरात दिसतोय.

शुक्रवार, १४
विजयाचा कोट शिवला. आई म्हणाली, बाजारात तुरी. म्हातारपण! बायकोला सांगितलं, सोमवारपर्यंत काजं-बटणं हवीत. 'हं.'

रविवार, १६
मतदान. बायकांचं केंद्र वेगळं. रांग पार फाटकाबाहेर, आणि काय ती खिदळाखिदळी! पुरुषांच्या केंद्रावर शुकशुकाट. माझी गिऱ्हाइकं फारशी दिसली नाहीत. उन्हामुळे असेल.

सोमवार, १७. सकाळी
कोट घातला. बटणं आहेत, काजं नाहीत! विचारलं तर म्हणाली, वेळ मिळाला नाही. उघडाच घालून निघालो. छाती भरदार दिसते.

दुपारी
पडलो. पुरुषांच्या केंद्रावर थोडा पुढे होतो. बायकांच्या केंद्रावर मला एक मत. एक! बाकी सगळी बादलीत. वाईट वाटलं, पण ऊरही भरून आला. अख्खा वॉर्ड उलटला, तरी एकटी बायको पाठीशी उभी राहिली.

संध्याकाळी
तिचे आभार मानले. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, ते मत माझं नाही. माझं डोकंच फिरलं. मग इतकी वर्षं हं-हं कशाला करत होतीस, म्हणून ओरडलो. तर म्हणे, हं म्हणजे ऐकलं. हो कधी म्हणाले? माझं मत तुम्ही विचारलंत कधी? मी जन्मभर तहान मारून तुमची काजं केली, आणि तुम्हाला कमान सुचली.

मी विचारलं, मग ते एक मत कुणाचं? आई खाटेवरून म्हणाली, माझं. मी धावत जाऊन पाय धरले. शेवटी आई ती आई! तर म्हणाली, अरे, ऊठ. तुझे वडील सांगायचे त्याच्या शेजारच्यावरच मी जन्मभर शिक्का मारला, कुणाला कळू दिलं नाही. या खेपेला चष्मा विसरले आणि भलतंच बटण दाबलं गेलं. मुलगी खो-खो हसली.

ठरलं. उद्यापासून या घरात कुणाशी एक अक्षर बोलणार नाही. बायकोला तसं ठणकावून सांगितलं.

'हं,' म्हणाली.